स्कूबाचं सामान: कशाला हात लावायचा आणि कशाला नाही

स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती पाण्याखाली तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र) घेऊन दोन-चार महिने झाले की बहुतेकांच्या मनात तोच प्रश्न येतो: हा उघडून बघू का? सुटे भाग मिळतात, व्हिडिओ आहेत आणि आत हलणारे भाग मोजून चार-पाच. मलाही हे सोपं वाटलं होतं. पहिल्यांदा ओ-रिंग (सांध्यातून हवा सुटू न देणारी रबरी कडी) काढायला मी शिवणाची सुई घेतली. ओ-रिंग निघाली, पण ती ज्या खाचेत बसते तिच्या पितळेवर केसाएवढा ओरखडा पडला. नवी ओ-रिंग घातली तरी तिथून बुडबुडे यायचे थांबेनात. शेवटी अख्खा भाग बदलावा लागला. त्यानंतर मी रीतसर शिकले. शिकताना कळलं की या कामात पाना चालवणं थोडं असतं आणि बघणं, मोजणं, वाट बघणंच जास्त. नवख्या माणसाने सुरुवात या दुसऱ्या भागापासून करावी, म्हणून हा लेख.

१. आधी दाबाचा प्रवास समजून घ्या

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला बसणारा भाग, तो उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणते. याला मधला दाब म्हणू. तिथून हवा नळीने सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडाकडच्या भागाला, जाते. तुम्ही श्वास ओढला की डायफ्रॅम (लवचीक पडदा) आत खेचला जातो, तो एक छोटी दांडी दाबतो, दांडी सीट (हवेची वाट बंद करणारा छोटा तुकडा) उचलते आणि भोवतालच्या दाबाची हवा तोंडात येते. ३० मीटरवर भोवतालचा दाब ४ बार असतो, म्हणजे तिथे नळीत १३-१४ बार असतात. हे सगळं आपोआप जुळवलं जातं, पाण्याखाली आपल्याला काही करावं लागत नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बहुतेक सेकंड स्टेजची सीट हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडते. त्यामुळे फर्स्ट स्टेज बिघडून मधला दाब वाढला, तर तो दाब सेकंड स्टेजची सीट ढकलतो आणि हवा मुखपट्टीतून (तोंडात धरायच्या रबरी तुकड्यातून) सुटू लागते. ही सोय मुद्दाम केलेली आहे, नाहीतर नळी फुटेल. पण त्यामुळे आवाज एकीकडे आणि रोग दुसरीकडे असं होतं. तोंडाकडून फुसफुस ऐकू आली म्हणून सेकंड स्टेजचा स्क्रू आवळत बसणारे मी बरेच पाहिले आहेत. फुसफुस तात्पुरती थांबते. मधला दाब मात्र चढतच राहतो.

२. स्वतःची हद्द ठरवा

कसलंही प्रशिक्षण न घेता करता येण्यासारखं: धुणं, वाळवणं, मुखपट्टी बदलणं, नळ्या आणि त्यांच्या ओ-रिंग बदलणं, बीसीडीची (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायच्या जाकिटाची) साफसफाई आणि खाली दिलेल्या सगळ्या तपासण्या.

उत्पादकाचा तंत्रज्ञ अभ्यासक्रम केल्यावरच: सेकंड स्टेज आणि फर्स्ट स्टेज उघडणं. दोन्हींत सेकंड स्टेज आधी शिका. तिथली चूक निदान लगेच ऐकू येते.

घरी कधीच नाही: सिलिंडरचा व्हॉल्व्ह काढणं, सिलिंडर आतून साफ करणं, ऑक्सिजनसाठीची सफाई आणि रिब्रीदरचं (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या यंत्राचं) कुठलंही अंतर्गत काम.

सिलिंडरला वेगळं का काढलं, तर ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २२०० लिटर हवा कोंबलेली असते. नुसत्या हवेचंच वजन अडीच किलोंहून जास्त भरतं. ती एकदम सुटली तर व्हॉल्व्ह बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

३. जवळ काय हवं

कागद:
- तुमच्या नेमक्या मॉडेलची वापर-पुस्तिका. सर्व्हिस मॅन्युअल वेगळं असतं. त्यात भागांचा सुटा नकाशा, प्रत्येक भागाचा क्रमांक आणि किती आवळायचं याचे आकडे असतात.
- खरेदीची पावती आणि आजवरच्या सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या. काही उत्पादक सुटे भाग आयुष्यभर मोफत देतात, पण एक वर्ष चुकलं किंवा पावती हरवली की ती सवलत जाते.
- फर्स्ट आणि सेकंड स्टेजचे सीरियल क्रमांक लिहिलेली वही. तपासणीचे आकडेही याच वहीत.
- सिलिंडरच्या शेवटच्या चाचणीचा दाखला.

हत्यारं:
- मधला दाब मोजायचा गेज, जो इन्फ्लेटरच्या (बीसीडीत हवा भरायच्या यंत्रणेच्या) नळीला खटकन बसतो. एकच वस्तू घेणार असाल तर ही घ्या.
- योग्य मापाचे पाने आणि ॲलन की. फिरवून माप बदलायचा पाना नको, तो नटाचे कोपरे खातो.
- ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लास्टिकची आकडी. सुई, टाचणी, स्टीलचा टोकदार तुकडा यांपैकी काहीही नाही.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चांगला दिवा.
- मऊ ब्रश, धागे न सुटणारं कापड, केबल टाय.
- वेगवेगळ्या ओ-रिंग, सामानाला चालणारं ग्रीस.

ओ-रिंगचे नेहमी लागणारे क्रमांक: योक पद्धतीच्या (रेग्युलेटर वरून आवळून बसवायच्या) सिलिंडर व्हॉल्व्हला ०१४, लो प्रेशर (मधल्या दाबाच्या) नळीला ०११, हाय प्रेशर (सिलिंडरचा दाब गेजपर्यंत नेणाऱ्या) नळीला ०१२, गेजच्या फिरत्या सांध्यात ००३ च्या दोन इवल्याशा. तरी आधी आपल्या मॅन्युअलशी ताडून पाहा, काही कंपन्यांची मापं वेगळी असतात.

४. प्रत्येक वेळी, काहीही करण्याआधी: दाब काढा

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. पर्जचं (सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं) बटण दाबून धरा, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. गेज शून्यावर आहे का बघा. मग पुन्हा एकदा पर्ज दाबा. त्यानंतरच पाना हातात घ्या. दाबाखालची नळी किंवा प्लग सोडवण्याचा प्रयत्न एकदाही करू नका, अगदी 'थोडासाच सैल करतो' म्हणूनसुद्धा.

व्हॉल्व्ह उघडताना नेहमी हळू उघडा आणि गेजची काच स्वतःकडे आणि दुसऱ्या कोणाकडेही न वळवता बाजूला धरा. काच फुटल्याची उदाहरणं आहेत.

५. घरच्या घरी तपासणी

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण नवख्यांना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो आणि यात काही मोडत नाही.

आधी कोरडी चाचणी. रेग्युलेटर सिलिंडरला न लावता फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट बसवा, मुखपट्टी तोंडात धरा आणि हलकेच ओढा. काहीच येता कामा नये. हवा आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर टाकणारी झडप) दुमडलाय, डायफ्रॅम फाटलाय किंवा मुखपट्टीला चीर आहे. पाण्याखाली प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर खारं पाणी येतं ते याच वाटेने.

मग मधला दाब. गेज इन्फ्लेटरच्या नळीला लावा. सेकंड स्टेज नळीला जोडलेलीच असू द्या. दाब भलताच चढला तर तो तिथून सुटेल. सिलिंडर हळू उघडा, पर्ज चार-पाचदा दाबा आणि सुई कुठे थांबते ते वहीत लिहा. आता हात बाजूला ठेवून दहा मिनिटं बसा.

चांगल्या फर्स्ट स्टेजची सुई पटकन वर येते, ९.५ म्हणा, आणि तिथे खिळा ठोकल्यासारखी उभी राहते. श्वास घेतला की किंचित खाली जाते आणि लगेच त्याच जागी परतते. बिघडू लागलेल्या स्टेजची सुई ९.५ वर येते, थांबल्यासारखी वाटते, मग दोन मिनिटांनी बघावं तर ९.८, पाच मिनिटांनी १०.३. याला क्रीप म्हणतात. हाय प्रेशर सीटवर चर पडला किंवा तिच्यावर कण बसला की हवा झिरपत राहते. अशा स्टेजवर दोन-तीन श्वास घेतले तर काही जाणवत नाही, कारण श्वासाबरोबर जादा दाब निघून जातो. म्हणून तर बोटीवरच्या घाईतल्या तपासणीत हा दोष सापडत नाही. दहा मिनिटं बसणाऱ्यालाच सापडतो.

हीच मोजणी सिलिंडर भरलेला असताना एकदा आणि ५० बारच्या आसपास एकदा करा. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टन (दट्ट्यावर चालणाऱ्या) स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होताना मधला दाब थोडा उतरतो. तो दोष नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे.

तिसरी चाचणी पाण्याच्या टबात. सिलिंडर उघडा ठेवून सेकंड स्टेज मुखपट्टी वर करून आडवी धरा आणि सावकाश पाण्यात उतरवा. जिथे हवा सुटायला लागेल तिथे थांबा. डायफ्रॅमपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे श्वास 'फोडायला' लागणारं बळ. २.५ ते ४ सेंटिमीटर असेल तर सहसा ठीक. याहून फार कमी असेल तर पाण्यात उतरताच हवा सुटत राहील, फार जास्त असेल तर खोलवर दमछाक होईल.

त्याच टबात पूर्ण फर्स्ट स्टेज आणि नळ्या बुडवा. टोपणाचा प्रश्न नाही, सिलिंडर जोडलेला आणि उघडाच आहे. आता बुडबुड्यांची जागा बघा:

- उघडताक्षणी मुखपट्टीतून: बहुधा सेकंड स्टेजची सीट किंवा दांडीची उंची.
- पाच-दहा मिनिटांनी मुखपट्टीतून: फर्स्ट स्टेजचा क्रीप.
- पिस्टन स्टेजच्या बाजूच्या भोकांतून: पिस्टनची ओ-रिंग.
- गेजच्या मानेपाशी, एक-एक करून येणारे बारीक मणी: फिरत्या सांध्यातल्या दोन ओ-रिंग. हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारा दोष.

शेवटी भिंग घ्या आणि फर्स्ट स्टेजच्या तोंडातली ती छोटी धातूची जाळी बघा. ती तिच्या मूळच्या धातूच्या रंगाची दिसायला हवी. पितळेवर चढतो तसा हिरवा कळंक दिसला तर आत खारं पाणी गेलंय, बहुधा टोपण ओलं लावल्यामुळे. तांबूस-तपकिरी असेल तर कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरला आतून गंज आहे. काळपट भुकटी असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरकडे बोट जातं. रंग बदललेला असेल तर सर्व्हिसला द्याच, आणि तो रंग कुठून आला हेही शोधा. नाहीतर नवी जाळी महिन्याभरात तशीच होईल.

६. धुणं: सोपं वाटतं तिथेच चुका

डाइव्ह झाल्यावर मीठ वाळायच्या आत धुवा. वाळलेल्या मिठाचे खडे ओ-रिंगखाली करवतीसारखे चालतात. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवलं तर चांगलंच, नुसत्या धारेखाली धरल्याने सांध्यातलं मीठ निघत नाही.

सगळ्यात मोठा सापळा पर्जचा. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना पाण्यात बुडवून पर्ज दाबलं, तर सीट उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बादलीत एकावर एक टाकलेल्या रेग्युलेटरचं वजन पर्जवर पडलं तरी हेच होतं. शक्य असेल तर सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवूनच धुवा.

टोपण लावण्याआधी ते कापडाने पुसून कोरडं करा. सिलिंडरच्या हवेचा झोत टोपणावर मारायची सवय अनेकांना असते. झोत फर्स्ट स्टेजच्या तोंडाजवळ मारला तर पाणी जाळीतच ढकललं जातं.

सावलीत लटकवून वाळवा. सेकंड स्टेजला फिरवायची खुंटी असेल तर साठवताना ती सैल करून ठेवा, सीटवर वळ उठत नाही.

आणि व्हिनेगर. हिरवटपणा काढायला अख्खी फर्स्ट स्टेज रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तंत्रज्ञ सौम्य आम्ल वापरतात, पण सुटे केलेल्या भागांवर, घड्याळ लावून. जोडलेली स्टेज बुडवली तर आम्ल आत अडकतं आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात.

७. नळ्या आणि ओ-रिंग

नळीच्या टोकाला असलेलं रबरी आवरण मागे सरकवून बघा. बहुतेकजण ते कधीच सरकवत नाहीत आणि चीर नेमकी त्याखालीच असते. नळी वाकवून पाहा. वाकवल्यावर सुरकुतीत बारीक भेगा दिसल्या तर बदला. फुगवटा दिसला तर त्याच दिवशी बदला. विणलेल्या कापडी आवरणाच्या नळ्या बाहेरून छान दिसल्या तरी काही नळ्यांमध्ये आतल्या थराचे स्फटिक बनून हवा अडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे जुन्या विणीच्या नळीवर दिसण्यावरून विश्वास टाकू नका.

बदलताना आटे आधी बोटांनी फिरवा, पूर्ण बसेपर्यंत. पाना शेवटच्या किंचित आवळण्यासाठीच. हवा अडवायचं काम ओ-रिंग करते, ताकद नव्हे. तुम्ही जोर लावलात म्हणून गळती थांबत नाही. आटे तेवढे जातात. हाय प्रेशर आणि लो प्रेशर तोंडांचे आटे वेगळे असतात, एकाची नळी दुसऱ्यात सहज बसत नाही, आणि बसत नसेल तर बसवायची नसते.

ग्रीस किती लावायचं? ओ-रिंग ओली चकाकली पाहिजे, माखलेली दिसता कामा नये. जास्तीचं ग्रीस वाळू गोळा करतं. बोटांच्या चिमटीत दाबून ओ-रिंग खाचेतून वर उचलली जाते का ते आधी बघा, बऱ्याचदा आकडीची गरजच पडत नाही. गंज सोडवणारे फवारे आणि पेट्रोल रबराच्या जवळपासही नकोत.

मुखपट्टीचा केबल टाय दर डाइव्हआधी ओढून पाहा. तो तुटला तर सेकंड स्टेज खाली जाते आणि दातांत नुसती मुखपट्टी उरते. ऐकायला गंमत वाटते.

८. बीसीडी आणि इन्फ्लेटर

बीसीडी आतून धुवायचा असतो. इन्फ्लेटरच्या तोंडातून एक-दोन लिटर गोडं पाणी आत ओता, हवा भरा, हलवा, उलटा करून डंप व्हॉल्व्हमधून (हवा सोडायच्या झडपेतून) काढा. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला असेल तर डंप व्हॉल्व्हच्या सीटवर वाळूचा कण शोधा.

इन्फ्लेटरचं बटण मात्र गांभीर्याने घ्या. मीठ साचून ते चिकटलं की बीसीडी आपोआप फुगतो आणि माणूस पृष्ठभागाकडे ओढला जातो. बटण दाबून सोडल्यावर हवा तत्क्षणी थांबली पाहिजे. जरा रेंगाळली तरी तो इन्फ्लेटर पाण्यात नेऊ नका. नळी एका हाताने, दाबाखाली असताना, झटकन सोडवायचा सराव जमिनीवर करून ठेवा.

९. सिलिंडर: फक्त डोळे वापरा

खांद्यावर ठोकलेले शिक्के वाचायला शिका: धातू, कामाचा दाब, चाचणीची तारीख. पाण्याच्या दाबाची हायड्रो चाचणी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दर ५ वर्षांनी होते. आतून दृश्य तपासणी ब्रिटनमध्ये मध्यंतरी अडीच वर्षांनी, तर अमेरिकेत डाइव्ह व्यवसायाच्या प्रथेप्रमाणे दरवर्षी. तुमच्या देशाचा नियम काय आहे ते हवा भरणाऱ्याला विचारा.

जुना ॲल्युमिनियमचा सिलिंडर कुणी देत असेल तर मिश्रधातू ६३५१ आहे का हे आधी शोधा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनलेल्या अशा सिलिंडरांच्या मानेत सततच्या ताणाने भेगा पडल्या आहेत. मी असा सिलिंडर फुकटही घेणार नाही.

दुसरा सापळा आट्यांचा. एम २५ × २ मापाचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या सिलिंडरमध्ये फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. दाब चढला की तो उडतो. यात माणसं दगावली आहेत. 'घरी व्हॉल्व्ह काढायचा नाही' या नियमामागे हे एक ठोस कारण.

साठवताना सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका. १०-२० बार राहू द्या, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही.

१०. नायट्रॉक्स असेल तर

नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन ज्या सामानातून जाणार, ते ऑक्सिजनसाठी खास साफ केलेलं हवं. साधं सिलिकोन ग्रीस तिथे चालत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि ठिणगीची गरजच राहत नाही. अशा सामानात एकदा जरी साधी, तेलकट हवा भरली तरी पुन्हा सफाई लागते.

११. सर्व्हिसला देताना आणि परत घेताना

किती दिवसांनी द्यायचं हे पुस्तिकेत असतं. बऱ्याच उत्पादकांचं म्हणणं वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्ह, काहींचं एक वर्षाआड पूर्ण सर्व्हिस आणि मध्ये तपासणी. देताना 'सर्व्हिस करा' एवढंच सांगू नका. वहीतले आकडे दाखवा: 'दहा मिनिटांत ९.५ वरून १०.३ होतो.' तंत्रज्ञाचा अर्धा तास वाचतो आणि तुम्ही लक्ष ठेवून आहात हेही कळतं. घेताना तीन गोष्टी मागा: बदललेल्या भागांची यादी, जुने भाग आणि मधला दाब किती ठेवलाय तो आकडा.

सहलीच्या आदल्या दिवशी सामान परत घेऊ नका. सगळं उघडून जोडल्यानंतरचे पहिले काही दिवसच सगळ्यात नाजूक असतात. एकदा मी घाईत होते, तरी सवयीने गेज लावून बसले. नवी कोरी सीट, आणि सुई ९.४, ९.७, १०. दुकानाने पुन्हा उघडलं तर सीटच्या कडेवर कापडाचा एक तंतू आडवा पडला होता, भिंगाशिवाय दिसणार नाही असा. सहल एक दिवस पुढे गेली.

नवी सीट एका दिवसात जराशी बसते आणि आकडा किंचित सरकू शकतो, म्हणून २४ तासांनी पुन्हा मोजा. मग पहिली डाइव्ह ५ मीटरच्या पाण्यात करा. दोन्ही सेकंड स्टेज आळीपाळीने तोंडात घ्या, डोकं खाली करून, पाठीवर झोपून श्वास घ्या, इन्फ्लेटर दहा वेळा दाबा. जोडीदाराला तुमच्या मागे येऊन फर्स्ट स्टेजकडे बघायला सांगा. तिथले बुडबुडे तुम्हाला स्वतःला कधीच दिसत नाहीत.